निवासी वस्तीतील व्यसनमुक्ती केंद्र: शेजाऱ्यांनी नेमके काय विचारावे?

प्रश्न (एका रहिवासी समितीची सचिव)

आमच्या इमारतीसमोर, अरुंद रस्त्याच्या पलीकडे, एक दुमजली घर बरीच वर्षे रिकामे पडून होते. गेल्या महिन्यात तेथे रंगकाम सुरू झाले, पाठोपाठ लोखंडी खाटा उतरल्या, आणि चौकशी केल्यावर समजले की तेथे वीस खाटांचे व्यसनमुक्ती केंद्र येणार आहे. त्या दिवसापासून आमच्या जिन्यात दुसरा विषय नाही. रहिवाशांच्या बैठकीत विरोधाचे निवेदन तयार झाले, त्यावर बहुतेकांच्या सह्याही झाल्या, आणि सचिव या नात्याने ते पुढे पाठवण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मी स्वतः अजून सही केलेली नाही, आणि तो कागद चार दिवसांपासून माझ्या टेबलावर पडून आहे.

शेजाऱ्यांची भीती मी येथे जशीच्या तशी मांडते, कारण त्यांपैकी कोणीही निर्दय माणूस नाही. आमच्याकडील मुली संध्याकाळी शिकवणीहून त्याच रस्त्याने परततात. तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात आणि त्यांचे दार थेट त्या फाटकासमोर येते. केंद्रातून कोणी रात्री निसटला तर तो पहिला कोणाचे दार वाजवील, हा त्यांचा प्रश्न मला खोडता आला नाही. व्यसनी माणसांच्या मागावर अमली पदार्थ विकणारे येतील, घरांच्या किमती उतरतील, रात्रीबेरात्री आरडाओरडा आणि गाड्यांची ये-जा सुरू होईल, असेही निवेदनात लिहिले आहे.

माझी अडचण वेगळी आहे. माझा मामा दारूने गेला. मी तेव्हा शाळेत होते. एके दिवशी आजोबांनी निश्चय केला आणि त्याला मागच्या खोलीत बंद केले. चार दिवस दारू मिळाली नाही की आपोआप सुटेल, असे घरातल्या सर्वांना मनापासून वाटत होते. पहिल्या दिवशी त्याच्या हातात पाण्याचा पेला ठरेना. तिसऱ्या दिवशी तो पांघरुणावरून दोन बोटांनी काहीतरी वेचत बसला होता, जे आम्हांला कोणालाच दिसत नव्हते, आणि मला त्याने माझ्या आईच्या नावाने हाक मारली. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. त्या काळी जवळपास असे केंद्र असते तर काय झाले असते, हा विचार मनात असताना विरोधाच्या कागदावर सही करणे मला जड जाते. परंतु केवळ माझ्या घरच्या दुःखापोटी शेजाऱ्यांची काळजी झटकून टाकणे हेही योग्य नव्हे.

म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारते. या भीतीत तथ्य किती आहे? आणि केंद्र चालवणाऱ्यांना भेटायचे झाल्यास आम्ही नेमके काय विचारावे?

उत्तर (व्यसनमुक्ती विभागातील निवृत्त परिचारिका)

ताई, आधी आपल्या मामांविषयी लिहिते, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. आपण वर्णन केलेली अवस्था वेडाची नव्हती. दीर्घकाळ रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद झाली की सहसा सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर, म्हणजे साधारण अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान, काहींना ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ नावाची अवस्था येते. तीत भान हरपते, नसलेल्या वस्तू दिसतात, ताप चढतो, नाडी धावू लागते. पांघरुणावरून वेचण्याची ती हालचाल मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती दिसली की आम्ही डॉक्टरांना बोलावण्यात एक मिनिटही दवडत नसू. उपचार न झाल्यास ही अवस्था जीव घेऊ शकते. वेळेवर औषधे, द्रवपदार्थ आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व मिळाले, तर बहुसंख्य रुग्ण त्यातून सुखरूप बाहेर येतात. आपल्या आजोबांनी जे केले ते प्रेमापोटी केले. त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते.

आता केंद्राकडे वळू. दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातील माणूस शेजाऱ्यांना वाटतो तसा नसतो. तो आजारी असतो. दारूचा रुग्ण थरथरत असतो. हेरॉइनच्या रुग्णाला शेवटच्या मात्रेनंतर साधारण आठ ते चोवीस तासांत अंगदुखी, जुलाब, उलट्या आणि निद्रानाश सुरू होतो व तो त्रास चार ते दहा दिवस चालतो. त्याला जिना उतरणेही अवघड जाते. त्यानंतरच्या आठवड्यांत सकाळी उठणे, अंथरूण आवरणे, समुपदेशन, गटसभा, घरच्यांची भेट असा दिनक्रम असतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटेल इतका शिस्तीचा असतो. त्या घरातील धोका सर्वांत अधिक कोणाला असेल, तर तो आतल्या रुग्णालाच असतो, आणि म्हणूनच शेजाऱ्यांनी विचारायचे प्रश्नही तेथूनच सुरू व्हायला हवेत.

पहिला प्रश्न रात्रीचा. रात्री दोन वाजता झटका आला तर तेथे कोण जागे असते? प्रशिक्षित परिचारिका असते, की पूर्वी स्वतः रुग्ण असलेला आणि आता पगारावर ठेवलेला एखादा मुलगा, ज्याच्याकडे किल्ल्यांचा जुडगा आहे पण औषधांचे ज्ञान नाही? डॉक्टर किती वेळात पोहोचतात? जवळच्या कोणत्या रुग्णालयाशी त्यांचे लेखी ठरलेले आहे? वीस खाटांमागे रात्री दोन माणसे असतील आणि त्यांपैकी एकही परिचारिका नसेल, तर असे केंद्र आपल्या समोर नसावे आणि अन्य कोणाच्या समोरही नसावे.

दुसरा प्रश्न दाखल करण्याच्या पद्धतीचा. रुग्ण आपल्या पायांनी येतो, की त्याला उचलून आणले जाते? त्याची लेखी संमती घेतली जाते का? जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालय यांनी २०२० साली उपचारांची जी सुधारित आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली, त्यांत उपचार माहितीपूर्ण संमतीने व्हावेत, हे तत्त्व स्पष्टपणे मांडलेले आहे. त्याआधी २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या बारा संस्थांनी एकत्र निवेदन काढून सक्तीने डांबून ठेवणारी केंद्रे बंद करण्याचे आवाहन केले होते. हा केवळ तत्त्वाचा मुद्दा नाही. आपल्या मर्जीने आलेल्या माणसाला भिंतीवरून उडी मारण्याचे कारण उरत नाही. आजींच्या दारावर रात्री थाप पडण्याची शक्यता फाटकाच्या उंचीवर नव्हे, तर या एका गोष्टीवर सर्वाधिक अवलंबून असते.

तिसरा प्रश्न बाहेर पडण्याचा, आणि हा शेजारी सहसा विचारत नाहीत. उपचार अर्धवट सोडून जायचे म्हणणाऱ्या रुग्णाला केंद्र काय करते? घरच्यांना कळवून, वाहनाची सोय होईपर्यंत थांबवून, त्यांच्या स्वाधीन करते, की पिशवी हातात देऊन फाटक बंद करते? अफू वर्गातील पदार्थांच्या रुग्णाबाबत तर हे जीवनमरणाचे असते. काही दिवस पदार्थ बंद राहिल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि बाहेर पडून त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडून तो दगावू शकतो. तो परिणाम उलटवणारे नालोक्सोन नावाचे औषध केंद्रात आहे का आणि ते देता येणारा माणूस प्रत्येक पाळीत आहे का, हेही अवश्य विचारा.

उत्तर (अशाच एका केंद्राचा माजी शेजारी)

परिचारिका बाईंनी लिहिलेले वाचून मला तीन वर्षांपूर्वीच्या गोष्टी आठवल्या, आणि काहीशी शरमही वाटली.

आमच्या भिंतीला भिंत लागून असे एक केंद्र होते. नाव लिहीत नाही, कारण ते आता बंद झाले आहे. सुरुवातीला आम्हांला त्रास झाला तो आवाजाचा. रात्री गाडी यायची, चार जण मिळून एका माणसाला उतरवायचे, तो ओरडत असायचा आणि कोणीतरी त्याच्या तोंडावर हात दाबून त्याला आत न्यायचे. खिडक्यांना बाहेरून दुहेरी जाळी बसवली होती. आम्ही तक्रार केली ती गाडी रस्त्यात उभी राहते म्हणून. दुसरी तक्रार केली ती ओरडण्याने मुलांचा अभ्यास होत नाही म्हणून. दोन्ही वेळा केंद्राने दिलगिरी व्यक्त केली. काही दिवस गाडी कोपऱ्यावर थांबू लागली, आणि मागच्या खोलीची खिडकी विटांनी बुजवली गेली. आवाज कमी झाला आणि आम्ही समाधान मानले.

एका दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. पलीकडच्या जाळीतून एक हात बाहेर आला. मनगटावर दोरीचा लालसर वळ होता आणि हातात चुरगळलेली चिठ्ठी होती. तिच्यावर एक दूरध्वनी क्रमांक आणि ‘बहिणीला सांगा’ एवढे दोनच शब्द होते. मी तो क्रमांक लावला. बहीण दुसऱ्याच दिवशी आली आणि भावाला घेऊन गेली. निघताना ती मला म्हणाली, “दादा, तुम्हांला आवाज येत नव्हता का?” येत होता. दीड वर्ष येत होता.

त्यानंतर आम्ही जी तक्रार केली ती वेगळी होती. तीत आमच्या गैरसोयीचा शब्दही नव्हता. तारीख, वेळ, काय पाहिले आणि काय ऐकले, एवढेच लिहिले होते. तपासणी झाली तेव्हा समजले की तेथे नेमलेला डॉक्टर महिन्यातून एकदा सही करण्यापुरता येत असे.

ताई, आपण केंद्रवाल्यांना भेटाल तेव्हा आत जाऊन पाहण्याचा आग्रह धरा. रुग्णांकडे टक लावून पाहण्यासाठी नव्हे. खिडक्या उघडतात का, आग लागल्यास बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे का, तक्रार कोणाकडे करावी हे रुग्णांना दिसेल अशा जागी लिहिलेले आहे का, आणि घरच्यांना रुग्णाशी एकांतात बोलू देतात का, हे पाहण्यासाठी. पहिला महिनाभर घरच्यांची भेट पूर्णपणे बंद ठेवणाऱ्या केंद्राविषयी मी सावधच राहीन, मग ते कारण काहीही सांगोत.

उत्तर (विरोध करणाऱ्या एका रहिवाशाकडून)

माझे मत येथे बहुतेकांना रुचणार नाही, तरी लिहितो. अशा विषयात विरोध करणाऱ्याला लगेच पाषाणहृदयी ठरवले जाते, आणि तेथेच चर्चा संपते. आमच्या भागात पहिले केंद्र आले तेव्हा मी विरोध केला नव्हता. दुसरे आले तेव्हाही नाही. आज एकाच रस्त्यावर चार आहेत, कारण तेथे भाडे कमी आहे आणि राहणारे लोक फारशी ओरड करत नाहीत. ज्या वस्तीतील लोकांकडे वकील आहेत, ओळखी आहेत, त्या वस्तीत एकही नाही. व्यसन सर्व थरांतील घरांत असते, मग त्यावरील उपचारांचा सारा भार एकाच रस्त्याने का वाहावा?

दुसरे असे की केंद्र येत असल्याचे आम्हांला खाटा उतरल्यावर समजते. आधी विश्वासात घेतले असते, एक बैठक बोलावली असती, तर निम्मा विरोध तेथेच मावळला असता. माझी ताईंना विनंती आहे की निवेदन फाडू नका. त्यातील मजकूर बदला. दोन केंद्रांमध्ये किती अंतर असावे, एका इमारतीत किती खाटा असाव्यात, रुग्णांना भेटायला येणाऱ्यांनी वाहने कोठे लावावीत, औषधांच्या सुया आणि जैववैद्यकीय कचरा कोण व केव्हा उचलणार, हे लेखी ठरवून घ्या.

घराच्या किमतीविषयी काळजी करणे म्हणजे हव्यास, असेही कृपया समजू नये. अनेकांचे आयुष्यभराचे बचतखाते म्हणजे ते एक घरच असते.

उत्तर (सार्वजनिक आरोग्य विषयाच्या प्राध्यापिका)

गुन्हेगारी आणि किमती या दोन्ही मुद्द्यांवर संशोधन झालेले आहे. त्यातील मला माहीत असलेले सांगते, आणि त्यात दोन्ही बाजूंना न आवडणारे काही आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात अभ्यासकांनी व्यसनोपचार केंद्रांभोवतीच्या हिंसक गुन्ह्यांची तुलना दारूच्या दुकानांभोवतीच्या गुन्ह्यांशी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दारूच्या दुकानांभोवतीचे गुन्हे अधिक आढळले. त्याच देशातील आकडेवारीवर आधारलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की एखाद्या जिल्ह्यात उपचार केंद्रांची संख्या वाढली की हिंसक आणि पैशांसाठी केलेले असे दोन्ही प्रकारचे गुन्हे घटतात. यात नवल नाही. उपचार घेणारी माणसे केंद्र नव्हते तेव्हाही याच समाजात राहत होती, फक्त उपचारांविना राहत होती. तरीही एक सावधगिरी हवी: जिल्ह्याचा आकडा घटला म्हणजे प्रत्येक फाटकासमोरील अनुभव चांगलाच असेल, असे त्यातून सिद्ध होत नाही. वर एका दादांनी लिहिलेला अनुभव कोणत्याही सरासरीने पुसला जात नाही.

किमतींविषयी निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. व्हर्जिनिया राज्यातील घरांच्या विक्रीवर आधारित २०१४ सालच्या एका अभ्यासात निवासी उपचार केंद्राजवळील घरे सुमारे आठ टक्के कमी किमतीला गेल्याचे आढळले. पुढे सिएटल शहरातील विक्रीच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले की केंद्रे मुळातच स्वस्त भागांत उघडतात, आणि हा फरक हिशेबात धरला तर केंद्रामुळे किंमत घटल्याचा पुरावा उरत नाही. आधीच्या उत्तरात विरोधक दादांनी जे म्हटले, की केंद्रे कमी भाड्याच्या रस्त्यावर एकवटतात, तेच येथे आकड्यांत दिसते. त्यांची तक्रार मला रास्त वाटते, मात्र तिचे उत्तर केंद्रे कमी करणे हे नसून ती सर्व वस्त्यांत विखुरणे हे आहे.

आणखी एक गोष्ट शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावी. उपचार पूर्ण केलेल्यांपैकी काही जण पुन्हा व्यसनाकडे वळतील. २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या एका प्रसिद्ध लेखात वर्षभरात पुन्हा वळणाऱ्यांचे प्रमाण ४० ते ६० टक्के दिले होते, आणि उच्च रक्तदाब व दमा यांसारख्या दीर्घकालीन आजारांतही औषधपाणी सुटून लक्षणे उलटण्याचे प्रमाण त्याहून कमी नाही, हे दाखवले होते. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून कोणी दवाखाना बंद पाडत नाही. ‘शंभर टक्के व्यसनमुक्तीची हमी’ असा फलक लावणारे केंद्र मात्र एक तर अज्ञानी आहे किंवा खोटे बोलत आहे. अफू वर्गाच्या व्यसनात मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. केंद्र औषधोपचारांविषयी काय बोलते, त्यावरूनही त्याची पारख होते.

उत्तर (आठ वर्षे दारूपासून दूर असलेला एक जण)

मी आतून पाहिलेले सांगतो. केंद्र वस्तीबाहेर, माळरानावर का नको, असे बैठकीत कोणीतरी हमखास विचारील. आमचे केंद्र वस्तीतच होते. पाचव्या आठवड्यात मला पहिल्यांदा एकट्याला फाटकाबाहेर, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाऊन यायची परवानगी मिळाली. अंतर दोनशे पावलांचे असेल. वाटेत एक दारूचे दुकान होते आणि मी रस्त्याची बाजू बदलली. परत येताना समोरच्या घरातील एक काका झाडांना पाणी घालत होते. त्यांनी नळी खाली धरून मला वाट दिली आणि “चाललंय ना बरं?” असे विचारले. त्यांना मी कोण, कोठून आलो, हे नक्कीच ठाऊक होते. दारू सोडायची तर अशाच रस्त्यावर, अशाच दुकानासमोरून चालत सोडावी लागते. माळरानावर ती कोणालाही सोडता येते, आणि घरी परतल्यावर पहिल्या संध्याकाळी पुन्हा हातात येते.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात केलेला अभ्यास आमच्या समुपदेशकांनी आम्हांला सांगितला होता. तेथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी बहुसंख्य जण मायदेशी परतल्यावर पुन्हा त्यात अडकले नाहीत. युद्ध मागे पडले, परिसर बदलला, घरची माणसे भोवती आली. माणसाच्या भोवती काय आहे, यावर बरेच ठरते, एवढे त्यातून मला उमगले.

एकच विनंती आहे. शेजाऱ्यांनी केंद्राच्या कारभाराविषयी हवे ते सर्व विचारावे, परंतु रुग्णांची नावे, त्यांची गावे, त्यांचा पूर्वेतिहास मागू नये. आमच्या केंद्रासमोरील इमारतीने दाखल होणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत मागितली होती. ही बातमी आत पसरली त्याच रात्री दोघे जण निघून गेले. ‘बेवडा’ आणि ‘गर्दुल्ला’ हे शब्द मुलांच्या तोंडी घरातूनच जातात, आणि खिडकीतून ते स्पष्ट ऐकू येतात.

पुन्हा प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची उत्तरे मी छापून काढली आणि नावे न सांगता समितीच्या बैठकीत वाचून दाखवली. मामाविषयी शेजाऱ्यांना मी पहिल्यांदाच सांगितले. त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरील एका काकूंनी आपल्या धाकट्या दिरांविषयी सांगितले, आणि निवेदनावर सर्वांत आधी सही केलेल्या गृहस्थांनी आपल्या मुलाविषयी. इतकी वर्षे आम्ही एकाच जिन्याने ये-जा करत होतो.

जुने निवेदन आम्ही मागे ठेवले आहे, फाडलेले नाही. त्याऐवजी केंद्राला प्रश्नांचे पत्र दिले आणि पाच जण जाऊन प्रत्यक्ष पाहून आलो. खिडक्या उघडतात. मागच्या बाजूला बाहेर पडण्याचा दुसरा जिना आहे, मात्र त्याच्या तोंडाशी रंगाचे डबे आणि फळ्या रचलेल्या होत्या. त्या आमच्या समोरच हलवायला लावल्या. दाखल करून घेण्याचा अर्ज पाहिला. त्यात रुग्णाच्या सहीची जागा आहे आणि नातेवाइकांच्या सहीची वेगळी आहे. घरच्यांची भेट दर रविवारी असेल असे त्यांनी सांगितले. भेटीला येणाऱ्यांची वाहने रस्त्यावर लागणार नाहीत आणि कचरा उचलणाऱ्या परवानाधारक संस्थेशी झालेल्या कराराची प्रत आम्हांला मिळेल, हे त्यांनी लिहून दिले.

रात्रीच्या परिचारिकेविषयी मात्र समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ‘नेमणूक प्रक्रियेत आहे’ असे सांगण्यात आले. ती नेमणूक होऊन तिच्या नोंदणीची प्रत आम्हांला दिसल्याशिवाय एकही रुग्ण दाखल करून घेऊ नये, असे आम्ही लेखी कळवले असून त्याची प्रत परवाना देणाऱ्या कार्यालयालाही पाठवली आहे. या पत्रावर सर्वांनी सह्या केल्या, आणि या वेळी माझीही सही आहे. तळमजल्यावरील आजींनी केंद्राचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून मागितला. दार वाजलेच तर आपण आधी त्यांना कळवू आणि तोवर जाळीच्या दारातून त्या माणसाला पाणी देऊ, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. केंद्राचे उत्तर आले की येथे लिहीन.